दादाच्या दारातला फोटो

"जाहिरातीच्या धंद्यात चौथं शील कसं बसवतेस गं?" असं माझ्या थोरल्या भावाने मला एकदा विहाराबाहेर चपला शोधता शोधता विचारलं होतं. आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून रविवारची वंदना सहसा चुकत नाही, आणि वंदनेत जे पंचशील म्हणतात त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी म्हटलं, "आम्ही खोटं बोलत नाही दादा, मोठ्या अक्षरात बोलतो."

"आणि खरं?"

"ते खाली असतं. बारीक अक्षरात."

दादा हसला. तो गणिताचा मास्तर आहे, उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे मार्क देतो.

या अंकाच्या संपादकांनी 'जाहिरातीच्या दुनियेतल्या गमतीजमती' लिहा म्हणून सांगितलं आहे. दुनिया हा शब्द जरा मोठाच झाला. शनिवार पेठेत एका जिन्याशेजारी माझं दुकान आहे. आत दोन संगणक, एक पंखा आणि पुढच्या पंचवीस वर्षांत कोणी विचारणार नाही अशा नमुन्यांचे गठ्ठे. सुरुवात मी हाताने पाट्या रंगवण्यापासून केली. मग पत्रकं आली, मग फ्लेक्स आले, आणि आता गिऱ्हाइकाला सगळं मोबाइलवर पाठवायला 'छानसं काहीतरी' हवं असतं. धंदा मात्र तोच राहिला. ज्याच्याकडे चार गोष्टी सांगण्यासारख्या आहेत त्याच्या त्या चार गोष्टी लोकांनी वाचाव्यात अशा मांडायच्या. अडचण होते ती सांगण्यासारख्या दोनच गोष्टी असल्या आणि गिऱ्हाईक चार सांगायला लागलं की.

एक मंगल कार्यालयवाले होते. त्यांच्या पत्रकात त्यांना 'मुबलक पार्किंग' हवं होतं. कार्यालयासमोर जेमतेम नवरदेवाची गाडी मावेल एवढी जागा. मी विचारलं, मुबलक कुठे आहे? त्यांनी खिडकीतून हात लांब करून अख्खा रस्ता दाखवला. मी म्हटलं, मग 'पाहुण्यांनी शक्यतो रिक्षाने यावे' असं घालू या, प्रेमळ वाटतं. ते उठून गेले. दुसरे एक बिल्डर. 'स्वारगेट अवघ्या दहा मिनिटांवर' हे त्यांचं वाक्य. मी त्यांच्या साइटवरून स्कूटरने स्वारगेटला निघाले आणि दुसऱ्याच सिग्नलला माझा धीर सुटला. फोन करून विचारलं, तर म्हणाले, "अहो मॅडम, पहाटे जाऊन बघा ना." घर घेणारा माणूस रोज पहाटे स्वारगेटला कशाला जाईल, हे मला अजून समजलेलं नाही.

असल्या गिऱ्हाइकांमुळे माझं नुकसान झालं का? झालं. पण 'त्या बाईंकडून करून घेतलंय ना, मग खरं असेल' असं म्हणणारेही काही निघाले, आणि माझं दुकान त्या काहींवर चाललं. हे मी अभिमानाने सांगते. अभिमान कुठे मोडला तेही सांगणार आहे.

माझं सगळ्यात जास्त काम कोचिंग क्लासचं. पुण्यात, त्यातही कोथरूडमध्ये, दहावीचा निकाल लागला की क्लासच्या दारांवर मुलांचे चेहरे उगवतात. वर 'आमचे यशवंत', खाली फोटोंच्या रांगा, फोटोखाली मार्क. बाहेरच्या माणसाला वाटतं ही मुलं तिथे शिकली. काही शिकलेली असतात. काही शेवटच्या महिन्यात सराव परीक्षेपुरती आलेली असतात. आणि हुशार मुलाचा चेहरा एकाच रस्त्यावर तीन दारांत दिसू शकतो, तिन्हीकडे तेच हसू.

म्हणून मी एक नियम केला होता. फोटो छापण्याआधी मुलाच्या घरी फोन करायचा आणि विचारायचं, "दहावीचं वर्ष तुमचा मुलगा कुठे शिकला?" बस, एवढंच. क्लासवाल्यांमध्ये हा 'बाईंचा फोन' चांगलाच बदनाम होता. आगाशे सर हे भूमितीचे नावाजलेले शिक्षक, तिरकस बोलण्यातही नावाजलेले. त्यांच्या फ्लेक्सवरच्या एका मुलाच्या घरी फोन केला तर वडील म्हणाले, वर्षभर तो आजोबांकडे शिकला, सरांकडे फक्त पेपर सोडवायला जायचा. मी तो फोटो फ्लेक्सवरून उतरवायला लावला. रांगेत एक रिकामी चौकट राहिली. आगाशे सर तिच्याकडे बघत म्हणाले, "तिथे माझा फोटो टाका. मी वर्षभर इथेच होतो, हवं तर आमच्या घरी फोन करा."

रागावले, पण पुढच्या वर्षी पुन्हा माझ्याकडेच आले. मुलांची यादी देताना म्हणाले, "आपण विचारायच्या आधी मीच विचारलंय सगळ्यांना."

आता दादाच्या क्लासबद्दल. आमचे वडील गेले तेव्हा दादा एमएस्सीला होता आणि मी शाळेत. त्याने कॉलेज सोडलं आणि विहारात सतरंजीवर मुलांना गणित शिकवायला सुरुवात केली. मला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. घरातल्या इतरांना ते थेर वाटत होते. दादा एकटा म्हणाला, "तिला जाऊ दे, मी आणखी दोन बॅचेस घेतो." पुढे त्याने कोथरूडला एका सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत क्लास काढला, आणि त्या क्लासची पहिली पाटी मी रंगवली. रविवारी सकाळी विहारातले वर्ग मात्र त्याने कधी बंद केले नाहीत. तिथे शिकलेली मुलं आज कोर्टात आहेत, मंत्रालयात आहेत, आणि दादा दिसला की अजूनही रस्त्यात वाकून नमस्कार करतात. त्याला ते आवडतं, पण तो लगेच विचारतो, "तुझं त्रैराशिक सुधारलं का?"

माझी मुलगी मुक्ता आठवी-नववीला मामाकडेच होती. दहावीच्या तोंडावर तिनेच त्याला सांगितलं, "मामा, माझं चुकलं तरी तू मला रागवत नाहीस. मग मला कळतच नाही चुकलंय ते." मी तिथेच बसले होते. दादा म्हणाला, "खरं आहे. मला नाही रागवता येत तुझ्यावर. आगाशेंकडे जा. भूमिती त्यांच्यासारखी कोणी शिकवत नाही." तिचं नाव घालायला तो स्वतः तिला तिकडे घेऊन गेला.

मुक्ताला गणितात पैकीच्या पैकी मार्क पडले. निकालाच्या दिवशी ती पेढे घेऊन आधी आगाशे सरांकडे गेली, तिथून मामाकडे. आमच्याकडे निकालानंतर गुरूला पेढे द्यायची पद्धत आहे, आणि गुरू त्यातलाच पेढा मुलाला भरवतो. पाया पडणं, पेढा भरवणं, डोळे पुसणं, सगळं रीतीप्रमाणे झालं. दादाचा मुलगा अनिकेत याने मोबाइलवर त्याचा फोटो काढला. मी तो घरच्या ग्रुपवर पाहिला आणि खाली टाळ्या टाकल्या.

दोनच दिवसांनी तो फोटो दादाच्या क्लासच्या दारावर दरवाजाएवढा होऊन लटकत होता. मामा भाचीला पेढा भरवतोय, वर 'आमची विद्यार्थिनी', खाली 'गणित : १०० पैकी १००'. फ्लेक्स अनिकेतने माझ्याकडून करून घेतला नव्हता. आत्या फोन करील हे त्याला ठाऊक होतं. मुक्ताला तिच्या मैत्रिणींनी फोटो पाठवून विचारलं, "तू कधी होतीस इथे?"

अनिकेतची बाजूही सांगायला हवी. चांगली नोकरी सोडून तो वडिलांचा क्लास वाचवायला आला होता. समोरच्याच इमारतीत बाहेरून आलेला एक मोठा क्लास उघडला होता, काचेचं दार, गार हवा, पडद्यावर हलणारे त्रिकोण. दादाच्या बॅचमधली मुलं एकेक करून रस्ता ओलांडत होती. जूनमध्ये पुरेशी मुलं आली नाहीत तर क्लास चालणार नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी मोठ्याने म्हणत नव्हतं.

मी मुक्ताला म्हटलं, "मी मामाला काढायला सांगते."

"नको आई," ती म्हणाली. "मामाला वाईट वाटेल. आणि बीजगणित त्याचंच आहे गं. मी आगाशे सरांकडे गेले तेव्हा मला सगळं येतच होतं."

"मग ते म्हणू दे की आठवी-नववी आमच्याकडे."

"असं कोणी फ्लेक्सवर लिहितं का?"

नाही लिहीत. ते माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? ज्याचा फोटो त्याचीच हरकत नाही, तर मी कोण, असं मी स्वतःला समजावलं. दुकानात जाताना कोथरूडचा तो रस्ता टाळायला लागले. दादाचा फोन आला की हवापाण्यावर बोलायचे. आपल्याच माणसासाठी डोळे मिटून घेणं किती सोपं असतं, आणि मिटलेल्या डोळ्यांनी आपण किती प्रेमळ दिसतो, हे मला त्या आठवड्यात कळलं.

मग आगाशे सरांचा फोन आला.

"मॅडम, अभिनंदन. कन्येचा फोटो पाहिला."

"सर, तो मी केलेला नाही."

"ते ओळखलं. अक्षरांची निवड वाईट आहे." मग म्हणाले, "काढा असं मी म्हणत नाही हं. आपल्या बंधूंविषयी मला आदर आहे, मुलीला त्यांनीच माझ्याकडे आणून सोडलं. फक्त पुढच्या वर्षी मला एक चेहरा लागला तर तीच सवलत मलाही द्या. नातं मी काढतो काहीतरी."

फोन ठेवल्यावर मला आधी राग आला तो त्यांचा. मग मला आठवली ती त्यांच्या फ्लेक्सवरची रिकामी चौकट. ती मीच रिकामी ठेवायला लावली होती. इतके लोक माझ्यावर चिडले, वाद घालून गेले, आणि मी मात्र ताठ मानेने म्हणत आले की माझा नियम सगळ्यांना सारखा. तो सारखा होता, कारण तोवर माझ्या घरचं कोणी त्यात आलं नव्हतं.

संध्याकाळी मी दादाकडे, क्लासच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, गेले. वहिनी कणीक मळत होत्या, अनिकेत लॅपटॉपवर होता, दादा वह्या तपासत होता. मी सरळच म्हटलं, "तो फ्लेक्स काढा."

अनिकेत म्हणाला, "आत्या, चारशे मीटरमध्ये बघ, सगळे हेच करतात. आणि आपण फेकत नाहीये काही. दोन वर्षं होतीच की ती आपल्याकडे."

"दहावीला नव्हती."

"मग? पाया कोणी पक्का केला? तूच आपल्या पत्रकात लिहितेस ना, पाया पक्का?"

"लिहिते. तिथे कळस आमचाच, असं लिहीत नाही."

"इन्क्वायरी वाढल्यात आत्या. कालच्या दिवसात अकरा पालक येऊन गेले. फोटोकडे बोट दाखवून विचारतात, हिला कोणी शिकवलं. आता या पॉइंटला फ्लेक्स काढला तर खेळ खलास."

"आणि तू काय सांगतोस त्यांना?"

त्याने लॅपटॉपमध्ये मान घातली. तेव्हा वहिनी कणकेचा हात तसाच ठेवून बाहेर आल्या. त्या कधी मला टाकून बोललेल्या नाहीत. त्या दिवशी बोलल्या. "विद्या, तुझ्या शिक्षणासाठी यांनी बॅचेस वाढवल्या तेव्हा यांचा घसा बसायचा, रक्त यायचं थुंकीतून. तेव्हा यांनी कुठला नियम काढला होता? एक फोटो तुझ्या मुलीचा. तो पण मामाच्या दारावर नको?"

वहिनींचं वाक्यन्‌वाक्य खरं होतं, आणि फ्लेक्सवरचं एक वाक्य खोटं होतं, आणि ते खरं नि हे खोटं एकमेकांतून वजा होत नव्हतं. मला रडू आलं. मी म्हटलं, "वहिनी, दादाने मागितलं तर मी माझं दुकान देईन. पण लोक मुलं घेऊन येतायत त्या फोटोकडे बघून. त्यांचं काय?"

दादा तोवर वही तपासत असल्यासारखाच होता. त्याने पेनचं टोपण लावलं. "मी काढायलाच सांगणार होतो," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी. मग म्हटलं उद्या. रोज क्लास उघडायला जायचो आणि ती दारात दिसायची. छान दिसत होती गं. सांगायचं राहूनच जायचं."

वहिनींनी जेवून जा म्हटलं, पण त्या आवाजात मला जेवण गेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने स्टूल आणलं आणि फ्लेक्सच्या सुतळ्या स्वतः कापल्या. अनिकेत वर घरात बसून होता, खाली आला नाही. हे मला सोसायटीच्या वॉचमनने नंतर सांगितलं. पावसाळा तोंडावर होता, आणि जुने फ्लेक्स पत्र्यावर टाकायला बरे पडतात, म्हणून त्याने तो मागितला. दादा, जो कुणाला कधी नाही म्हणत नाही, तो नाही म्हणाला. "भाची आहे माझी," म्हणाला, "तिच्या तोंडावर पाऊस पडेल." आणि गुंडाळी करून आत घेऊन गेला.

जूनमध्ये थोडी मुलं आली. जितकी हवी होती तितकी नाही. फ्लेक्स राहिला असता तर आली असती का? काही आली असती. मी हा धंदा इतकी वर्षं केला आहे, फोटोने काय होतं ते मला माहीत आहे, तेव्हा काचेच्या दाराला सगळा दोष देऊन मी मोकळी होणार नाही. दादाने त्या वर्षीची दहावीची बॅच शेवटच्या पेपरपर्यंत शिकवली. अनिकेतने पुन्हा नोकरी धरली. तो माझ्याशी बोलतो, पण आत्या म्हणून हाक मारण्याआधी क्षणभर थांबतो, आणि ते मला प्रत्येक वेळी लागतं. वहिनींनी मला क्षमा केली असावी. विचारण्याचा धीर मला नाही. लोक म्हणतात तत्त्वाने वागलं की रात्री झोप छान लागते. मला तसा अनुभव नाही.

या एप्रिलमध्ये दादा माझ्या दुकानात आला. तो सहसा पेठेत येत नाही, गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून. पंख्याखाली बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "एक छोटी जाहिरात करायची आहे. क्लास बंद झाल्याची."

मी इतक्या उद्घाटनांचे, वर्धापनदिनांचे, सवलतींचे मजकूर केले. बंद झाल्याची जाहिरात द्यायला कोणी येत नाही. लोक पाटी उतरवतात आणि निघून जातात. मी म्हटलं, "दादा, त्याची काय गरज आहे?"

"लोक मुलं घेऊन येतील, दार बंद दिसेल. सांगायला नको?"

मी संगणकापुढे बसले. 'प्रदीर्घ सेवेनंतर' असं टाइप केलं. दादा मागे उभा राहून वाचत होता.

"सेवा काढ. फी घेत होतो."

मी 'जड अंतःकरणाने' लिहिलं.

"तेही काढ. ते आपलं आपल्याकडे."

शेवटी उरलं ते एवढंच: क्लास बंद झाला आहे. ज्यांनी मुलं विश्वासाने पाठवली त्यांचे आभार. नववीतून दहावीत गेलेल्या मुलांची सोय आगाशे सरांकडे केली आहे. रविवार सकाळचे विहारातले वर्ग चालू राहतील. मी वाचून दाखवलं. त्याने मान हलवली, पण उठला नाही. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"बरीच जागा उरली गं," तो म्हणाला.

"उरली आहे. अक्षर मोठं करते."

"अक्षर नको." त्याने खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. तोच फोटो होता, पेढ्याचा. "मुक्ताला विचारलंय मी. ती हो म्हणाली. आता याने एकही ॲडमिशन यायची नाही. आता चालेल ना?"

मी फोटो घेतला, जागेवर बसवला, उगाच थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे सरकवला. मग विचारलं, "खाली काय लिहू?"

"भाची," दादा म्हणाला. "एवढंच लिही."

टाइप करताना मला पडदा नीट दिसत नव्हता, तरी दोन्ही अक्षरं बरोबर पडली.